कामगारांच्या खोलीतला लहान संगणक



चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. पालघरच्या श्रोत्यांनी आमच्या तोंडून तो विषय पुष्कळ वेळा ऐकलेला आहे. आणखी एकदा ऐकण्याची शिक्षा त्यांना द्यावी असे आमच्या मनास येईना. शिवाय गेल्या वर्षभरातली आमच्या कार्यकारिणीची सर्वांत लांबलेली बैठक बोनसवर नव्हती, की संपावर नव्हती. टीव्हीच्या मागे चिकटवलेल्या, तळहातावर मावणाऱ्या एका संगणकात कोणते सॉफ्टवेअर घालावे, या प्रश्नावर ती रात्री साडेअकरापर्यंत चालली. एवढा वेळ ज्यावर गेला त्यात काही तथ्य असले पाहिजे, असे समजून आज आम्ही त्याचीच हकीकत सांगणार आहोत.

बोईसर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमची एक भाड्याची खोली आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली की माणसे तेथे येतात. कोणी रसायनाच्या कारखान्यातला, कोणी कापडाच्या, कोणी पोलादाच्या. कोणी डहाणू-तलासरीकडचा, तर कोणी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला. पगाराची चिठ्ठी वाचून घ्यावयास येतात, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरून घ्यावयास येतात, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा नुसते बसावयास येतात, कारण राहत्या खोलीत आठ जण असतात आणि बसावयास जागा नसते. या खोलीत एका निवृत्त मित्राने आपला जुना टीव्ही आणून दिला. झाले, आमच्या डोक्यात आले की यावर सुरक्षिततेचे चित्रपट दाखवावेत.

आरंभी आम्ही मोबाईल जोडून इंटरनेटवरचेच चित्रपट दाखवू लागलो. एके संध्याकाळी वायूपासून बचाव करणारा मुखवटा कसा घालावा हे दाखवणे चालू होते. नेमका मुखवटा चेहऱ्यावर चढवावयाचा, तोच मध्ये चेहरा उजळ करणाऱ्या मलमाची जाहिरात आली. खोलीभर हशा पिकला. आम्हीही हसलो. मंडळी उठून जाऊ लागली तेव्हा एक तरुण ऑपरेटर दारात थांबून म्हणाला, “दादा, तो मागचा पट्टा कसा बांधायचा ते राहूनच गेलं.” हा मुलगा रोज ज्या टाकीशेजारी उभा राहतो ती आम्हांस ठाऊक आहे. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

एकत्र बसून पाहण्याचा हा उद्योग काही आम्ही शोधून काढलेला नव्हे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालवली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकऱ्यांनी रेडिओभोवती बसावयाचे, ऐकावयाचे, मग आपसांत चर्चा करावयाची आणि आपले प्रश्न आकाशवाणीकडे धाडावयाचे, अशी ती योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली. जेथे मंडळ होते तेथे लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तेथे ती फारच थोडी पडली. म्हणजे यंत्राभोवती माणसे बसली पाहिजेत, आणि यंत्र त्यांच्या चर्चेसाठी थांबले पाहिजे. जाहिरातीसाठी थांबणारे यंत्र या कामाला निरुपयोगी.

तेव्हा चित्रपट स्वतःजवळ ठेवावेत, आणि ते दाखवणारे यंत्रही स्वतःचे असावे असे ठरले. आमच्यातल्या एका फिटरच्या मुलाने रास्पबेरी पाय नावाची वस्तू आणली. नावातला पाय आपला नव्हे. इंग्रजी खाद्यपदार्थाच्या नावावरची ती कोटी आहे. इंग्लंडातील केंब्रिजच्या एका संस्थेने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ही वस्तू प्रथम विक्रीस काढली. शाळकरी मुलांना संगणक उघडून पाहता यावा, बिघडला तरी बापाला मोठा फटका बसू नये, हा मूळ हेतू. म्हणून तेव्हा किंमत पस्तीस डॉलर. एटीएम कार्डाएवढी एक पाटी. तिच्यावरच मेंदू, स्मरण, टीव्हीची जोडणी, सारे काही. डिस्क नाही, मेमरी कार्डावर सॉफ्टवेअर घालून ते खाचेत सरकवले की संगणक सुरू. कार्ड बदलले की त्याच पाटीचा दुसराच संगणक होतो. यामुळेच निवडीचा प्रश्न उभा राहतो. दुकानातून आणलेल्या डबीत काय घालावे हे दुकानदाराने ठरवलेले असते. येथे ते आपल्याला ठरवावे लागते.

पहिल्या वर्षी मात्र आम्ही काहीच ठरवले नाही. मुलाने जे घातले ते चालू राहिले, आणि त्यात आमच्या हातून एक गोष्ट गेली ती कायमची. १९६९ साली वीज देऊ लागलेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ज्यांनी तरुणपणी मजुरी केली, असे एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे येत असत. त्यांच्याकडून आम्ही दोन तास बोलवून घेतले होते. रोजची मजुरी किती, पाणी कोठून आणीत, संध्याकाळी गाणी कोणती म्हणत, सगळे त्यात होते. ते ध्वनिचित्रण आम्ही त्याच मेमरी कार्डावर ठेवले, ज्यावरून संगणक चालत होता. पावसाळ्यातल्या एका रात्री वीज सात-आठ वेळा आली आणि गेली. सकाळी कार्ड मेलेले. नक्कल काढलेली नव्हती. त्या गृहस्थांच्या वर्षश्राद्धाच्या आधी त्यांची मुलगी आली आणि म्हणाली, “काका, बाबांचा आवाज तुमच्याकडे आहे ना?” व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये आम्ही कधी गप्प बसलो नाही, त्या दिवशी आमच्याजवळ शब्द नव्हता.

त्यानंतर ती लांबलेली बैठक झाली.

टीव्हीवर चित्रपट लावणे हे सॉफ्टवेअरचे अर्धेच काम. आपल्या कपाटात काय आहे याची ओळीने मांडणी करावयाची, चित्रे लावावयाची, रिमोटच्या चार बाणांनी ते चालावयाचे, अर्धवट पाहिलेले कोठे सोडले ते ध्यानात ठेवावयाचे, याला मीडिया सेंटर म्हणतात. या जातीत जुने नि मोठे नाव कोडी. त्याचा उगम २००२-०३च्या सुमाराचा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स नावाच्या खेळाच्या यंत्रावर काही हौशी मंडळींनी ते लिहिले, त्याचे नाव एक्सबीएमसी पडले, आणि पुढे ते इतर यंत्रांवर गेल्यावर २०१४ साली त्याचे कोडी असे बारसे झाले. त्याचा मूळ मजकूर उघडा आहे. ज्याला हवा त्याने वाचावा, बदलावा, वाटावा.

रास्पबेरी पायवर कोडी चालवण्याच्या दोन सोयीच्या वाटा आम्ही पाहिल्या. एक ओएसएमसी. ही डेबियन या पूर्ण प्रणालीवर बसवलेली आहे. तिच्यावर कोडीखेरीज इतर कामेही करता येतात. दुसरी लिब्रेएलेक. ही फक्त कोडी चालण्यापुरतीच प्रणाली. बाकी सारे काढून टाकलेले. या लिब्रेएलेकचा जन्म आम्हांस फार मनोरंजक वाटला. आधी ओपनएलेक नावाचा प्रकल्प होता. २०१६ साली तो कसा चालवावा यावरून मतभेद झाले आणि काम करणाऱ्यांपैकी बरेच जण बाहेर पडले. त्यांनी लिब्रेएलेक काढले. ओपनएलेक पुढे थंडावले.

आता, फूट म्हणजे काय हे आम्हांस शिकवण्याची गरज नाही. कामगार चळवळीत फूट पडली की पहिले भांडण कपाटाच्या किल्लीचे, दुसरे पावतीपुस्तकांचे. तत्त्वाचे भांडण मागाहून, पत्रक काढावयाच्या वेळी आठवते. सभासद बिचारा मध्येच उभा. येथे काय झाले? मजकूर उघड्या परवान्याखाली असल्यामुळे बाहेर पडणाऱ्यांनी सबंध कपाटाची नक्कल बरोबर नेली, आणि राहिलेल्यांचेही कपाट भरलेलेच राहिले. वापरणाऱ्याचे काही बुडाले नाही. आम्ही हे बैठकीत सांगितले तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने, ज्यांच्याशी आमचे एकदा किल्लीवरूनच बिनसले होते, मिशीतल्या मिशीत हसून मान डोलावली.

तरुण मंडळींचा कल प्लेक्सकडे होता, आणि त्यांचे म्हणणे काही पोरकट नव्हते. प्लेक्सचे कूळ कोडीचेच. २००८च्या सुमारास ते वेगळे झाले आणि पुढे एका कंपनीचे झाले. दिसावयास देखणे, आणि रचना अशी की एका ठिकाणी साठा ठेवावा नि सभासदांनी आपापल्या मोबाईलवर, घरबसल्या पाहावे. ओडिशात सुट्टीवर गेलेल्या माणसालाही आपला चित्रपट पाहता येईल, असे एक जण म्हणाला. ही सोय आम्हांसही मोह घालणारी होती. पण आमचे वर्गणीचे पुस्तक सांभाळणाऱ्या बाई, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांनी विचारले, “ते खातं कोणाच्या नावावर काढायचं?”

प्लेक्ससाठी कंपनीकडे खाते काढावे लागते. चिटणीसांच्या ई-मेलवर काढावे, असे उत्तर आले. बाई म्हणाल्या, “आणि चिटणीस बदलले म्हणजे?” यावर कोणी बोलले नाही. शिवाय घराबाहेरून स्वतःचाच साठा पाहण्याची जी सोय पूर्वी फुकट होती, ती एप्रिल २०२५च्या अखेरीपासून कंपनीने सशुल्क केली. कंपनीचा तो हक्क आहे, तिलाही पगार द्यावयाचे असतात. पण वस्तू आपली, डिस्क आपली, आणि दाराची किल्ली भाड्याची, हा व्यवहार आम्ही कारखान्यात पुष्कळ पाहिला आहे.

मग कोणीतरी जेलीफिनचे नाव काढले. त्याचीही कथा फुटीचीच. एंबी नावाचे उघडे सॉफ्टवेअर होते. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या चालकांनी पुढचा मजकूर बंद केला. त्याच महिन्यात काही जणांनी शेवटचा उघडा मजकूर उचलला आणि जेलीफिन काढले. ते प्लेक्ससारखेच एका जागी साठा ठेवून अनेकांना पुरवते, मात्र बाहेरच्या कंपनीचे खाते लागत नाही. खोलीतल्या वायफायवर, बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी, सभासदांच्या मोबाईलवर चालते. तत्त्वाच्या दृष्टीने आम्हांस हेच सर्वांत पसंत होते.

अडचण आली ती यंत्राच्या ताकदीची. चित्रपटाची फाईल विशिष्ट पद्धतीने आवळून बांधलेली असते, आणि प्रत्येक मोबाईलला प्रत्येक गाठ सोडवता येतेच असे नाही. तशा वेळी साठा पुरवणाऱ्या संगणकाला दुभाष्याचे काम करावे लागते, म्हणजे एका बांधणीतून सोडून दुसऱ्या बांधणीत बांधून द्यावे लागते. नुसते सोडणे हलके. सोडून पुन्हा बांधणे फार जड. लहान पाटी एकाच टीव्हीसाठी गाठ उत्तम सोडते, पण दहा मोबाईलांचा दुभाष्या होण्याचा तिचा वकूब नाही. २०१९ सालच्या पाय ४ मध्ये एच.२६४ आणि एचईव्हीसी या दोन्ही बांधण्या सोडण्याची खास जागा आहे. २०२३च्या पाय ५ मध्ये एच.२६४ची ती खास जागा काढून टाकली आहे. त्याचा मुख्य मेंदू दणकट असल्याने नेहमीचे चित्र तो तसेच सोडवतो, पण बांधण्यासाठी खास जागा त्यात मुळीच नाही. नवे म्हणून प्रत्येक बाबतीत वरचढ, असे समजू नये. आजकालचे कित्येक मोबाईल जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसीमध्येच चित्रण करतात. सभासदांनी कारखान्यात केलेली चित्रणे आमच्या पहिल्या जुन्या पाटीवर अडखळत होती त्याचे कारण हेच निघाले. म्हणून आम्ही पाय ४ घेतला.

बैठकीत मतास टाकण्याऐवजी पुढच्या रविवारी परीक्षा घ्यावयाची ठरली. तीन कार्डांवर तीन तऱ्हेची सॉफ्टवेअरे घातली. परीक्षक म्हणून खोलीची झाडलोट करणाऱ्या मावशींना बसवले, कारण मुलगा नोकरीला गेल्यावर हे यंत्र लावणार कोण, तर त्याच. त्यांच्या हाती टीव्हीचाच रिमोट दिला. एचडीएमआयच्या तारेतून टीव्हीचा रिमोट लहान संगणकास चालवू शकतो, ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते. मावशींनी मुखवट्याचा चित्रपट शोधावा, हिंदीत लावावा, मध्येच थांबवावा, आणि आवाज ओडियात बदलावा. एकाच फाईलमध्ये मराठी, हिंदी, ओडिया असे तीन आवाज आम्ही घातले होते; ओडिया आवाज एका वेल्डरचा. दोन ठिकाणी मावशी वाटेतच हरवल्या. लिब्रेएलेकच्या कार्डावर, आधी सगळ्या नको त्या फळ्या लपवून ठेवल्या होत्या म्हणून असेल, त्या न विचारता पोचल्या.

दुसरी परीक्षा मराठी अक्षरांची. एका कार्डावर पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि जोडाक्षरे पाय मोडून पडली. ज्याला मुळात वाचण्याचा सराव कमी, त्याच्यासमोर अशी मोडकी अक्षरे ठेवणे हा अपमान आहे. कोणतेही सॉफ्टवेअर निवडा, आधी दहा मराठी नावे घालून पाहा. फाँट बदलून सुधारले तर ठीक, नाहीतर ते कार्ड बाजूला ठेवा.

तिसऱ्या परीक्षेत आम्ही स्वतः मेन स्विचशी उभे राहिलो आणि चालू यंत्राची वीज दहा वेळा घालवली. एक कार्ड तिसऱ्या वेळी इंग्रजीत काहीतरी विचारून थांबले. लिब्रेएलेक दहाही वेळा परत आले. याला कारण आहे. त्याची मूळ प्रणाली एका बंद गाठोड्यासारखी असते. यंत्र चालू असताना ती फक्त वाचली जाते, तिच्यात लिहिले जात नाही. वीज जाते तेव्हा जे लिहिले जात असते तेच बहुधा बिघडते. अर्थात कार्डाचा दुसरा भाग लिहिता येण्याजोगा असतो आणि तो बिघडू शकतो, म्हणून कार्डावर फक्त सॉफ्टवेअर, आणि चित्रपट-ध्वनिचित्रणे वेगळ्या डिस्कवर, हा आमचा नियम झाला. डिस्कची दुसरी नक्कल एका सभासदाच्या पालघरच्या घरी असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बदलली जाते, आणि तशी सही वहीत होते. वही कागदाची आहे.

विजेबद्दल आणखी एक. मोबाईलचा पडलेला चार्जर याला लावू नये. पाय ४ला पाच व्होल्टचा नि तीन अँपिअरचा पुरवठा लागतो; कमी पडला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह उमटते. आम्ही ते कित्येक दिवस शोभेचे समजत होतो. डिस्कलाही याच पाटीतून वीज जात असेल तर मग आणखीच ओढ बसते; तिला स्वतःची वीज असलेल्या हबवर ठेवलेले बरे.

कोणी विचारील की आता इंटरनेट जिकडेतिकडे असताना हा साठ्याचा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्याच तालुक्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत मुंबईच्या आयआयटीने ग्राममार्ग प्रकल्पातून, दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या परंतु रिकाम्या पडलेल्या लहरींवरून इंटरनेट पोचवण्याचा प्रयोग केला. २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले. अशा कामाचे आम्हांस कौतुक आहे, आणि नवे चित्रपट आम्हीही इंटरनेटवरूनच मिळवतो. पण मुखवट्याचा जो चित्रपट सभासदांनी पाहून, तपासून, आपल्या कारखान्यातल्या मुखवट्याशी ताडून ठरवला, तोच उद्याही लागला पाहिजे. दुसऱ्या कोणी मधल्या मध्ये बदललेला नव्हे.

मनोरंजनाविषयी थोडे. कोडीत चोरीचे चित्रपट आणणाऱ्या जोडण्या कोणीतरी घालून देतो. कोडी बनवणारी मंडळी स्वतः त्यांच्या विरुद्ध आहेत. आम्ही त्या घालू दिल्या नाहीत. आमच्या श्रमाचे मोल मागावयाचे आणि नटाच्या, तंत्रज्ञाच्या श्रमाचे चुकवावयाचे, हे जमणार नाही. आपल्या कायद्याने चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे १९५३चा ‘श्यामची आई’ किंवा १९५७चा ‘नया दौर’ यांची मुदत उलटून गेली आहे. मात्र गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा. त्यामुळे गाण्यांच्या बाबतीत वकिलास विचारल्यावाचून जाहीर खेळ करू नये. आमचे वकील अजून विचार करीत आहेत. तोवर ‘नया दौर’ची वाट पाहणे चालू आहे.

आज व्यवस्था अशी आहे. टीव्हीमागे पाय ४, त्यावर लिब्रेएलेक नि कोडी. बुधवारी आणि रविवारी पाळी सुटल्यावर चित्रपट लागतो. दर दहा मिनिटांनी मावशी तो थांबवतात आणि लोक बोलतात. त्या वृद्ध गृहस्थांच्या दोन तासांपैकी अठ्ठावीस मिनिटे एका सभासदाच्या मोबाईलवर सापडली, कारण त्याने ती गावाकडे भावाला पाठवली होती. ती आता दोन्ही डिस्कवर आहेत आणि एक प्रत त्यांच्या मुलीला दिली आहे. गाणी त्यात नाहीत.

जेलीफिनचा ठराव फेटाळलेला नाही, पुढे ढकललेला आहे. त्याला दुभाष्याचे काम झेपेल असा एखादा मोठा संगणक लागेल, जुना चालेल. येथे बसलेल्यांपैकी कोणाच्या माळ्यावर असा पडून असेल तर व्याख्यान संपल्यावर आम्ही दाराशी उभे आहोत. बोईसरपर्यंत नेण्याची सोय आम्ही करू, आणि डिस्क तुमच्यासमोर कोरी करून घेऊ.